दगडावरचा बाण

पाव किलो झेंडू तोलता तोलता फुलवाल्याने वर पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही त्या डोंगरवाल्या मंडळातले का?" एवढंच. विचारण्यासारखंच होतं ते. ललितच्या अंगात गिर्यारोहण मंडळाचा निळा टी-शर्ट होता, छातीवर पांढरा डोंगर छापलेला. रविवारी सकाळी धुतलेलं दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणून तोच चढवून तो गोदावरीच्या काठी, गंगेवरच्या फुलबाजारात आला होता. घरी गणपती बसलेले, बायकोने, शुभांगीने, हार-दुर्वांची यादी हातात दिलेली. पण त्याने तराजूची दांडी धरलेला तो हात पाहिला, मग तोंड पाहिलं, आणि ओळखलं. हा माणूस त्याने वर्षभरापूर्वी एकदा पाहिला होता, सरकारी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. मखमलाबादचे कोंडाजी, डोंगरात दगावलेल्या ओमचे वडील. तेव्हा ललित त्यांच्याजवळ गेला नव्हता. मंडळाच्या अध्यक्षांना पुढे करून तो गाडी लावायला म्हणून जो गेला, तो सगळं उरकेपर्यंत गाड्याच लावत राहिला. "हो," तो आता म्हणाला, कारण टी-शर्ट अंगात असताना नाही म्हणायची सोय नव्हती. कोंडाजींनी झेंडू कागदात बांधला, वर मूठभर जास्तीचा टाकला आणि म्हणाले, "मला एकदा त्या तळ्यावर न्याल का, भाऊ? पोरगं काय बघायला चाललं होतं ते बघायचंय. दुसऱ्या कोणाला विचारावं तर ओळख नाय."

ललितने होकार दिला. त्या होकारात दया किती आणि भीती किती, हे त्याला रस्ता ओलांडून स्कूटरपाशी येईपर्यंत ठरवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने ते ठरवायचा फारसा प्रयत्नही केला नाही. आपण नाही म्हणालो तर हा माणूस मंडळातल्या दुसऱ्या कोणाकडे जाईल. तो दुसरा त्याला वाट दोहीकडे फुटते त्या दुफाट्यावरून नेईल. आणि दुफाट्यावर तो दगड आहे. दगड डोंगराचा, पण त्यावरचा बाण ललितचा. सातपूरच्या एका कारखान्यात तो तपासनीस होता. मशीनवरून उतरलेला एकेक नग मोजायचा आणि मापात बसला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की पुढे कोणी बघत नसे. अठरा वर्षांत त्याचा ठिपका चुकला नव्हता आणि हे तो चारचौघांत सांगतही असे. मंडळाने कोयत्याच्या डोंगरावरच्या तळ्याची वाट बाणांनी आखायची ठरवलं, तेव्हा काम आपसूक त्याच्याकडे आलं. नियमही त्यानेच बैठकीत टेबलावर हात आपटून मांडला होता: खूण करायची ती मुळातल्या कातळावर, सुट्या दगडावर कधीही नाही, सुटा दगड पावसाळ्यात सरकतो. ही दोन हजार तीनच्या जानेवारीतली गोष्ट. दुफाट्यापर्यंत त्याने एकोणीस बाण कातळावरच काढले. दुफाट्यावरच्या कातळाला वाळलेल्या शेवाळाची पापुद्रे धरलेली साल होती, ती तारेच्या ब्रशने खरवडायला अर्धा तास तरी गेला असता. वरून बाकीचे चहा झाल्याची हाक देत होते. कारखान्यातून आणलेल्या डब्यात रंग तळाला गेला होता. आणि तिथेच, हात लांब केला की पुरेल एवढ्यावर, एक चपटा, स्वच्छ, दोन माणसांना जड जाईल असा दगड पडला होता. ललितने त्याला पायाने रेटून पाहिलं. हलला नाही. बाण फार देखणा आला, आणि तो मनाशी खूश होऊन चहाला गेला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ओम आणि त्याचे दोन दोस्त मंडळाचं पत्रक खिशात घालून त्या डोंगरावर गेले. पत्रकात लिहिलं होतं, पिवळे बाण पाहत चला. ओम वीस वर्षांचा, पायात ताकद, तो पुढे; बाकीचे दोघे धापा टाकत मागे. त्यांनी ऐकला तो फक्त कडेवरून खडे घरंगळल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलेल्यांत ललित होता. बाकीचे खालूनच घळीत शिरले आणि तो एकटा वरून, दुफाट्याकडून आला. तिथली दरड पावसाने बसली होती. दगड हातभर घसरून अर्धा गोल फिरला होता. डावीकडे तळ्याकडे दाखवणारा बाण आता उजवीकडे दाखवत होता, जिथे गवताने झाकलेली कड होती आणि कडेखाली काही नव्हतं. ललित त्या दगडावर चढून उभा राहिला. दोन्ही बुटांखाली बाण बरोबर मावला. किती वेळ तो तसा उभा होता कुणास ठाऊक. खालून कोणीतरी "सापडला" म्हणून ओरडलं तेव्हा तो उतरला आणि निघाला. नंतर मंडळाचा अहवालही त्यानेच लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. वाटेवरील खुणा स्पष्ट व योग्य जागी होत्या, असं एक वाक्य त्यात होतं. त्या वर्षी कोयत्याच्या डोंगरावर मंडळाने जाऊ नये हेही त्यानेच सुचवलं, आणि सगळ्यांना ते फार समंजसपणाचं वाटलं. एकटं जाऊन तो दगड ढकलून यावं असं त्याच्या मनात शंभरदा आलं. दर रविवारी काहीतरी निघे, कधी शुभांगीच्या माहेरचं, कधी पाण्याच्या टाकीचं. खरं कारण एवढंच होतं की जायचं म्हणजे त्या दगडासमोर पुन्हा उभं राहायचं.

बुधवारी रजा टाकून तो निघाला. वणीपर्यंत एसटी, पुढे सुरगाण्याकडे जाणारी जीप. पाऊस आठ दिवस उघडला होता आणि ऊन कोवळं होतं. डोंगर चढायचा हंगाम म्हणतात तो अजून सुरू व्हायचा होता; शहरातले लोक दसऱ्यानंतरच इकडे फिरकत. कोंडाजी पांढरा पायजमा, सदरा आणि नव्याकोऱ्या कॅनव्हासच्या बुटांत आले होते. बूट चावत होते हे दिसत होतं, पण ते काही बोलले नाहीत. बोलले ते झेंडूवर पडलेल्या करप्याबद्दल, आणि जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या टोपलीतल्या कारल्यांबद्दल. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही. ललित खिडकीतून बघत बेत पक्का करत होता. तळ्याला दोन वाटा. एक नेहमीची, दुफाट्यावरून. दुसरी धारेची, डोंगराच्या कण्यावरून जाणारी, लांबची आणि दमवणारी, पण ती दुफाटा टाळून थेट तळ्याच्या मागे उतरते. म्हाताऱ्याला धारेने न्यायचं, तळं दाखवायचं, तसंच खाली आणायचं. चुकीचं काय त्यात, तो स्वतःला विचारत होता; बापाला मुलाच्या मरणाची जागा न दाखवणं यात वाईट काय आहे. मनाला पटेल असं उत्तर माणसाला नेहमी सापडतं, तसं त्यालाही सापडलं, आणि वणी मागे पडल्यावर त्याला जरा डुलकीही लागली.

पायथ्याच्या भोकरपाड्यात लहानू भेटला. शोधाच्या वेळी घळीत उतरलेला पहिला माणूस तोच. त्याने कोंडाजींना ओळखलं, पण ओळख न दाखवता पाण्याचा तांब्या आणून दिला. ललितने धारेची वाट म्हणताच त्याने मान हलवली. "धारेनं नका जाऊ. धार सुटली श्रावणात. निम्मी खाली आली, झाडं बी आली तिच्यासंगं."

"थोडं वरून वळसा घालून?"

"वर काय ऱ्हायलंच नाय, साहेब. शेळी नाय जात. तुमची नेहमीची हाय ना, तिनं जावा. पन तिच्यावं काटी टाकलीय. गवत राखलंय गावानं, दसऱ्याशिवाय कोनी पाय ठेवत नाय. ह्यांच्यासाठी मी उघडून देतो."

ललितला त्याच क्षणी मागे फिरायचं होतं. वाट धोक्याची आहे, पुन्हा कधीतरी येऊ, असं म्हणायला त्याने तोंड उघडलंही. पण कोंडाजी उठून चालायला लागले होते. गाव संपल्यावर दोन बांधांच्या मध्ये बोरीच्या फांद्यांचा कमरेइतका ढीग वाटेवर आडवा टाकलेला होता. गाव गवत राखतं ते असं; कुंपण नाही, पहारा नाही, नुसती काटी. ती दिसली आणि कोंडाजी थांबले. मग खालीच बसले, बांधाला टेकून.

"हीच का?" त्यांनी लहानूला विचारलं. लहानूने मान डोलावली.

"आमच्या मळ्याच्या वाटेवर अशीच काटी असती," कोंडाजी ललितकडे न बघता म्हणाले. "ओम्या बारका होता तवा काटी दिसली की थांबून रडायचा. मी त्याला उचलून पलीकडं ठेवायचो. म्हणायचो, येड्या, ही गुरांसाठी असती, माणसासाठी नाय. हसायचा मग. बाराव्याला त्याचे दोस्त आले होते. ते सांगत होते, इथं ते दोघं म्हणले मागं फिरू, गावानं वाट बंद केलीय. तर हा हसला. म्हणला, आमचे तात्या सांगतात काटी गुरांसाठी असते. आणि गेला वरून उडी मारून." त्यांनी बुटाचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला. "मी कोणाला बोललो नाय. त्याच्या आईला बी नाय. पण तो माझ्या शब्दावर गेला, भाऊ. लोकांनी बंद केलेली वाट तोडायची मी शिकवली त्याला."

ललितला ऐकू आलं ते असं, की हा माणूस एक वर्ष रोज पहाटे उठून झेंडू तोडतो, गंगेवर आणून विकतो, आणि सगळा वेळ एका अशा गोष्टीसाठी स्वतःला खातो जी त्याने केलेलीच नाही. काटीशी त्या मरणाचा काडीचाही संबंध नव्हता. काटी ओलांडून दर वर्षी दहा माणसं वर जात आणि खाली येत. एक वाक्य बोललं की झालं असतं. काका, तुमचा शब्द नव्हे, माझा बाण. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, त्याची चवही त्याला कळत होती. पण लहानू उभा होता. लहानूसमोर बोललं की पाड्यात कळणार, पाड्यातून मंडळात, मंडळातून कारखान्यात, आणि शुभांगीला ते दुसऱ्या कोणाकडून कळणार. वर गेल्यावर सांगू, एकांतात, नीट. असं त्याने ठरवलं आणि त्याला जरा बरंही वाटलं, इतकं की त्या बरं वाटण्याचीच त्याला किळस आली. "काका, तसं काही नसतं," तो म्हणाला. दवाखान्याच्या पायरीवर अध्यक्षांनीही हेच म्हटलं होतं.

लहानूने टोकाशी दोन फाटे असलेल्या दुबेळक्याच्या काठीने फांद्या बाजूला केल्या आणि तो मागे राहिला. पुढे वाट अशी नव्हतीच. गवत छातीला लागत होतं आणि त्याखाली पाय कुठे पडतो ते दिसत नव्हतं. ललितने जानेवारीत काढलेले बाण त्या गवताने गिळले होते. एक-दोनदा त्याने हाताने पाती बाजूला करून कातळ शोधला, सापडला, बाण जागच्या जागी होता, आणि त्याला वेड्यासारखा अभिमान वाटला. सोनकी फुलली होती. सगळ्या उतारावर पिवळा रंग सांडला होता, आणि प्रत्येक पिवळ्या ठिपक्यापाशी तो आधी बाण तर नाही ना ते बघत होता. कोंडाजी फुलांना हात लावून बघत होते. "याला बाजार नाय," ते म्हणाले, "घंटाभरात माना टाकतंय." पहिल्या टप्प्यावर एक उंबर मुळासकट आडवा झाला होता आणि त्याखालून रांगत जावं लागलं. रांगताना कोंडाजींचा सदरा खांद्यावर फाटला. वर ओहळ होता. जानेवारीत तो कोरडा असे, आता गुडघाभर पाणी होतं. ललितने हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो घट्ट धरला, आणि त्या बोटांना झेंडूचा उग्र, कडसर वास येत होता. पलीकडे गेल्यावर ललितने हात सोडवून घेतला आणि विचार केला, आता सांगतो. मग विचार केला, दम खाऊ दे. मग ते पुन्हा चालायला लागले. दुफाटा येईपर्यंत त्याने चार जागा ठरवल्या आणि चारही मागे टाकल्या. या पावसाने दगड वाहून नेला असेल, अशी एक आशा त्याला होती. देवाजवळ त्याने आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं, पण त्या शेवटच्या चढावर तो मागत होता.

दगड होता. आणखी थोडा घसरून तो घळीच्या तोंडाशी, अगदी कडेवर आला होता. पाण्याने धुऊन बाण उलट लख्ख झाला होता, आणि तो सरळ कडेकडे दाखवत होता. कारखान्याचा रंग चांगला असतो. कोंडाजी पुढे होते. ते थांबले, बाणाकडे बघितलं, बाण दाखवतो तिकडे दोन पावलं टाकली. ललितने त्यांचा दंड धरला. "पुढे काही नाही, काका."

कोंडाजींनी गवत दाबून खाली बघितलं. मग मागे सरकले. हळूहळू त्यांनी दगडाकडे बघितलं, घळीकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे.

"हा बाण कोणाचा?"

"मंडळाचा."

"भाऊ, तो गेला तवा हा असाच होता का?"

त्यांचं तोंड बदललं होतं. वर्षभर बंद असलेलं काहीतरी त्यात उघडत होतं आणि ते ललितला स्पष्ट दिसलं. रागही नव्हता तो अजून. आधी फक्त विचारणं होतं, जवळजवळ विनवणी, की असाच होता म्हणा. एकांत होता. लहानू खाली होता. जे जे पाहिजे म्हणून ललितने वाट पाहिली होती ते सगळं इथे होतं. आणि त्याला ऐकू आला तो स्वतःचा आवाज, कारखान्यातला, माल पास करतानाचा, स्वच्छ आणि खात्रीचा.

"नाही. या पावसात सरकला असेल. गेल्या वर्षी सरळ होता. मी स्वतः पाहिला होता."

"सरळ होता," कोंडाजी म्हणाले. ते उघडलेलं पुन्हा मिटलं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "मग हा इथं ठेवून उपेग नाय. उद्या कोणाचं तरी पोरगं यायचं आणि ह्याच्यावर विसंबून जायचं. या, लावा हात." ललितने हात लावला. दोघांनी खांदे देऊन रेटलं. तीनदा दगड हलून परत बसला, चौथ्यांदा सुटला. खाली गेल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले, आधी मोठे, मग फुटल्यासारखे, मग बारीक खड्यांचे. जिथे दगड होता तिथे ओली, काळी माती उरली आणि त्यात दोन-चार गांडुळं वळवळत होती. ललितच्या हाताला पिवळा रंग लागला नव्हता, तरी तो हात पँटला पुसत राहिला.

तळं तिथून वीस मिनिटांवर होतं. गावच्या पाझर तलावाएवढंही नव्हतं ते. तीन बाजूंनी काळा कातळ, चौथीकडे लव्हाळं, पाणी मातकट हिरवं. पाण्यावर वारा नव्हता. कोंडाजी काठावर उभे राहून बघत राहिले. "एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

ते पाण्याशी जाऊन उकिडवे बसले. तोंड धुतलं, चूळ भरली. मग हलक्या आवाजात, ललित ऐकत असेल याची पर्वा न करता, बोलायला लागले. "ओम्या, बघितलं रे मी. काय नाय इथं. मी तुला चुकीचं शिकवलं. थांबायला शिकवायचं होतं, मी उडी मारायला शिकवली." ते रडत नव्हते. रोज बोलत असावेत तसं बोलत होते. ललितने स्वतःला सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, आणि पहिल्यांदाच काहीही न ठरवता तो बोलला.

"काका, तो बाण मी काढला होता. माझ्या हाताने. सुट्या दगडावर काढायचा नसतो, माहीत असून काढला. आणि ओम गेला तेव्हा तो फिरलेला होता. मी पाहिला होता. मघाशी मी खोटं बोललो. तुमच्या काटीचा काही संबंध नाही. तो माझ्या बाणामुळे गेला."

कोंडाजींनी वळून बघितलं. ओल्या दाढीवरून पाणी गळत होतं. मग त्यांच्या डोळ्यांत जे आलं ती कीव होती.

"नका असं बोलू," ते म्हणाले. "सगळ्यांनी समजावलं मला वर्षभर. महाराज झाले, भाऊबंद झाले. पण माझं मन हलकं करायला स्वतःवर घेणारे तुम्हीच पहिले."

"मी खरं सांगतोय. अहवालातसुद्धा मीच खोटं लिहिलं."

"भाऊ." ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "तुमचा असता तर ढकलायच्या आधी बोलला असता ना. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्हीच सांगितलं, सरळ होता. ज्याचं पोरगं गेलं त्याच्या तोंडावर कोणी खोटं बोलतंय का? तुम्ही तसले माणूस नाय."

ललितने पुन्हा तोंड उघडलं. पटवायला काही हवं होतं, आणि जे होतं ते त्याने स्वतः खांदा देऊन घळीत लोटलं होतं. कोंडाजी जवळ आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. तो हात काढून घ्या, एवढंही ललितला म्हणता आलं नाही.